एका छत्रीचे दोन डोळे

काल रविवारी सकाळी आमचा टीव्ही गेला. वीज होती, पंखा फिरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता. फक्त पडद्यावरच्या चर्चेतल्या चार माणसांचे आधी चौकोन झाले, मग एकाचा जबडा दुसऱ्याच्या कपाळावर गेला, आणि मग नुसता निळा पडदा. बाबांनी रिमोट ठेवला, खुंटीवरचा शर्ट काढला आणि गुंड्या लावत म्हणाले, "आला वाटतं."

"कोण?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"सूर्य."

आणि ते दार उघडून समोरच्या घरात गेले.

ऑक्टोबर आमच्याकडे असा येतो. पावसानं काढता पाय घेतलेला असतो, गच्चीवरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटायला लागतात, भाईंदरच्या खाडीकडून येणारा वारा अचानक थांबतो आणि पाठीवर सदरा चिकटतो. उत्तनला बोंबील वाळत पडतात आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक पिशवीला तो वास असतो. आणि याच दिवसांत, रोज सकाळी काही मिनिटं, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. उपग्रहाचा आवाज तो केवढा! सूर्याच्या गोंगाटात तो बुडून जातो. आपली छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश, बिचारी गोंधळते. थोड्या वेळानं सूर्य सरकतो आणि चित्र परत येतं. आठवडाभर हा खेळ चालतो, मग संपतो.

हे आज मी इतक्या शांतपणे सांगतेय. ज्या वर्षी हे आम्हाला माहीत नव्हतं, त्या वर्षीचा ऑक्टोबर मात्र मला अजून तळहातावरच्या चटक्यासारखा आठवतो.

मी पत्रकांवर वाढले. बाबा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते आणि कारखान्याइतकेच युनियनमध्ये होते. घरात गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांचे गठ्ठे असायचे. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, आमच्या फडताळात अंथरलेले कागद पत्रकांचे, आणि आई पोळ्यांच्या डब्यात तळाला घालायची तेही पत्रकच. ओल्या शाईचा वास आला की मला अजून भूक लागते. बाबांचा नियम होता: पहिल्या ओळीत काय झालं ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत कोणी केलं ते सांगायचं, आणि शेवटच्या ओळीत आपण काय करायचं ते. मधलं सगळं भरताड.

दुसरी गोष्ट बैठकीची. आमच्याकडे फ्रिज घ्यायचा तरी बैठक बसते. टीव्हीचा आवाज कमी केला, बहुतेक वेळा जाहिराती लागल्यावर, की बैठक सुरू झाली असं समजायचं. ज्याची बोलायची पाळी असेल त्याला मध्ये तोडायचं नाही. हा नियम बाबांनी केला आणि तो सगळ्यात जास्त बाबांनीच मोडला. आई तर एकदा म्हणाली होती, "यांच्या बैठकीत माझी पाळी आली की जाहिराती संपलेल्या असतात."

समोरच्या दारात आग्नेस आंटी आणि विन्सी अंकल राहतात. मूळचे उत्तनचे. अंकलनी उभं आयुष्य होडीवर काढलं. मुलगा आखातात गेला, त्यानं खारी गावाजवळच्या आमच्या या इमारतीत फ्लॅट घेतला आणि आईबापांना इथं आणलं. आल्यावर वर्षभरातच अंकलचा एक पाय आजारपणानं गेल्यासारखा झाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चर्चला जाणं सुटलं. मग टीव्हीवरचा मिस्सा, म्हणजे रविवारची चर्चमधली उपासना, हेच त्यांचं चर्च. रविवारी आंटी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायच्या, डोक्याला खोबरेल लावून भांग पाडायच्या, हातात जपमाळ द्यायच्या आणि खुर्ची टीव्हीसमोर सरळ करून ठेवायच्या. मिस्सा इंग्रजीत असायचा. मी एकदा विचारलं, "अंकल, सगळं कळतं?" ते म्हणाले, "भाषा न्हाय कळली तरी मिस्सा कळतो. कधी उभं ऱ्हायचं, कधी बसायचं, त्याला काय भाषा लागते?" आणि उभं राहायच्या वेळी खुर्चीच्या हाताला धरून ते अर्धे उठायचे.

तर एके दिवशी त्यांची ती वाहिनी गेली. पैसे भरलेले, पण कंपनीनं ती वाहिनी उचलून वरच्या पॅकेजात टाकली होती. त्या पॅकेजात तिच्याबरोबर क्रिकेट, कार्टून आणि परदेशी स्वयंपाक घ्यावाच लागत होता. आंटी पॅसेजमध्ये उभ्या राहून आईला सांगत होत्या आणि मी आतून ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. देवसुद्धा पॅकेजात? मिस्सा ऐकायचा तर कार्टूनही विकत घ्या? मी त्या दुपारी पंखा बंद करून, घाम गाळत, एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'आकाश कोणाच्या मालकीचं?' सरकारी उपग्रहावरून कित्येक वाहिन्या खुल्या सोडलेल्या असतात, बाजूच्या उपग्रहावर आणखी काही असतात, आपल्याच गच्चीवर त्या रोज येऊन पडतात, आणि आपण त्याच गोष्टींसाठी दर महिन्याला हप्ता भरतो. एक छत्री, एक साधा बॉक्स, आणि ही साखळी तुटते. तेव्हाही माझं हे मत होतं, आजही आहे.

पत्रक जिन्यात लागलं. सगळ्यांनी वाचलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "भाषा जोरदार आहे हं," आणि आपल्या पॅकेजाकडे परत गेले. पूर्ण इमारतीतून एकच घर आलं: समोरचं.

आंटींनी दारातच विचारलं, "पॅकेज बंद केलं आणि मिस्सा न्हाय दिसला तर? त्यांच्याकडं दुसरं काय हाय?"

"दिसेल," मी म्हणाले. "अंकलचा मिस्सा बुडणार नाही. माझा शब्द."

शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. तो आमच्या घरचाच आजार आहे. पण त्या दिवशी आंटींनी माझ्याकडे पाहिलं तसं आजवर माझ्या कुठल्या पत्रकाकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पॅकेज बंद केलं.

बॉक्स घ्यायला आम्ही नया नगरला गेलो, बाबा, आंटी आणि मी. शकीलभाईंच्या दुकानात बॉक्सची भिंतच होती. सुपारीच्या डब्याएवढे, शिदोरीच्या डब्याएवढे, काळे, चंदेरी, कुणावर लाल आकडे चमकणारे. मला वाटलं होतं, फुकटच्या गोष्टीत निवड काय करायची? पण निवड होती. जुन्या धाटणीचे बॉक्स स्वस्त, पण त्यांना अर्ध्याच वाहिन्या उमगतात. काही बॉक्स नवे, पण एकाच उपग्रहाला बांधलेले, दुसरीकडे बघायची त्यांना परवानगीच नाही. बाबा असा एक हातात धरून म्हणाले, "हा तर वेठबिगार आहे." शकीलभाईंना शब्द कळला नाही, पण भाव कळला. त्यांनी खालून एक साधा, काळा, कुठलंच नाव नसलेला बॉक्स काढला.

"ये लो चाचा, ये आजाद है. जिधर घुमाओ उधर देखेगा. छत्री एक, उसपे आँख दो. एक आँख सरकारी चॅनल पकड़ेगी, दूसरी आंटी का चर्च."

आंटींचा प्रश्न एकच होता. "मिस्सा दिसेल?"

शकीलभाईंनी बॉक्स दुकानातल्या टीव्हीला जोडला. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या आल्या, एक ताकदीची, एक दर्जाची. दुसरी पट्टी रांगत रांगत हिरवी झाली, आणि त्या अरुंद दुकानात, चार्जरच्या आणि इस्त्र्यांच्या मध्ये, एकदम चर्चमधलं समूहगान घुमलं. बाहेर रिक्षा वाजत होत्या. मोबाइलची काच लावायला आलेल्या दोन बुरखेवाल्या बायका बोलता बोलता थांबल्या. शकीलभाईंनी आवाज कमी केला नाही. आंटींनी क्रुसाची खूण केली आणि पर्स उघडली.

प्रत्येक घराला एक बॉक्स. छत्री मात्र दोन्ही घरांत मिळून एक. शकीलभाई म्हणाले, "दो घर है तो दो तार वाला लो. एक तार में झगड़ा होगा. आँख तो दो है, पर एक तार में एक टाइम पे एकही खुलेगी."

बाबांना हा अपमान वाटला. "झगडा? हमारे यहाँ सब सामाईक चलता है, शकीलभाई. छत्री सामाईक, तार सामाईक."

"ठीक है चाचा," शकीलभाई म्हणाले. "सामाईक तो सामाईक."

छत्री बसवली तो दिवस मी विसरणार नाही. गच्ची तापलेली, शेवाळाचा वास, दोरीवर आंटींनी टांगलेले बोंबील, आणि त्यांच्यामधून काशीमीऱ्याच्या डोंगराकडे तोंड करून उभी आमची राखाडी छत्री, तिच्यासमोरच्या दांडीवर दोन डोळे, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या दोन डब्या. गच्चीवरून खारी गावाची जुनी कौलं इमारतींच्या फटीतून दिसतात. बाबा छत्री धरून केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते आणि आई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडत होती.

"आला!"

"नक्की?"

"गेला!"

"कुठे गेला?"

"मला काय विचारता, तुमच्या हातात आहे ना तो!"

मग अंकलच्या खिडकीतून त्यांचा जाड आवाज आला, "हलू नका! हाय तिथंच ऱ्हावा! देवमाणूस दिसला!" आम्ही गच्चीवर टाळ्या वाजवल्या. मी मनात पुढच्या पत्रकाचा मथळा तयार केला.

झगडा आठवड्याभरात सुरू झाला. आम्ही आमची सरकारी वाहिनी लावली की समोरच्यांचा डोळा मिटायचा. त्यांनी त्यांची लावली की आमचा. मग पॅसेजमध्ये हाका. "आंटी, डोळा द्या!" "पाच मिन्टं थांब गो, गाणं चाललंय!" "बाबांच्या बातम्या!" "बातम्या काय उद्या न्हाय?" त्यात मजाही होती. दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची. शेवटी बैठक बसली, आमच्याच घरी, अंकलचं मत आंटींनी आणलं, आणि ठरलं: रविवारची सकाळ पूर्ण त्यांची, त्या वेळी आमचा बॉक्स बंद. इतर सकाळी आमच्या. बाबांनी तर टेबलावर हात आपटून सांगितलं, "रविवारी आमच्या घरात कोणी बटणाला हात लावणार नाही."

आणि मग तो रविवार. आमचा टीव्ही बंद होता. बाबा पेपर वाचत होते. समोरच्या घरातून पाद्रींचा आवाज येत होता, आणि ऐन अर्पणाच्या वेळी, अंकल खुर्चीवरून अर्धे उठलेले असताना, आवाज तुटला. थोड्या वेळानं आंटी दारात आल्या.

"डोळा कोणी खेचला?"

"आमचा टीव्ही बंद आहे, आंटी," मी म्हणाले.

त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आत्ता बंद केला असंल."

बाबांनी पेपरची घडी घातली. संपात पोलिसांसमोर उभा राहिलेला माणूस, त्याचे कान लाल झाले होते. "माझ्यावर संशय?" एवढंच म्हणाले. तेवढ्यात समोर चित्र परत आलं. त्यामुळे तर आम्ही जास्तच चोर ठरलो.

सोमवारी सकाळी आमची वाहिनी गेली, तशीच, चौकोन चौकोन होऊन. बाबा म्हणाले, "सूड." आई म्हणाली, "काहीतरीच." पण मीसुद्धा पॅसेजकडे रागानं पाहिलं. मंगळवारी पुन्हा. त्यानंतर दोन्ही दारं बंद राहायला लागली. आमच्या पॅसेजमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा परक्या वाटायच्या. बुधवारी आंटी आईला जिन्यात भेटल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "पॅकेज परत चालू करते. पुढच्या रविवारी त्यांचा मिस्सा मोडायला नको."

मी आत येऊन थेट कागद घेतला. सामाईक मालमत्तेच्या शिस्तीबद्दल पत्रक लिहिणार होते. पहिली ओळ आली: काय झालं. दुसरी: कोणी केलं. तिथं पेन थांबलं. आंटींनी? बाबांनी? मला कोणाचंच नाव लिहवेना.

आईनं कागद माझ्या हाताखालून काढून घेतला. "पत्रक नको. रिमोट आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या बॉक्सची तारच उपटली, बॉक्स पिशवीत घातला, रिमोट कमरेला खोचला आणि पिशवी घेऊन समोरच्या दारावर थाप मारली. मागे बाबा, त्यांच्या मागे मी. आंटींनी दार उघडलं. आई म्हणाली, "हा आमचा बॉक्स. हा रिमोट. आता तुमचा टीव्ही लावा आणि आपण सगळे बघत बसू."

अंकल खुर्चीत होते. पडद्यावर कुठलंतरी प्रवचन चाललं होतं. आंटींनी चहासुद्धा विचारला नाही, आणि आंटींच्या घरी असं कधी झालं नव्हतं. बराच वेळ गेला. मग पाद्रींच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायला लागले. एक चौकोन, दोन, आणि निळा पडदा.

सगळ्यांनी आईच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून बॉक्सची तुटकी शेपटी लोंबत होती.

पहिले अंकल हसले. पोटातून, होडीवरच्या माणसासारखे, खुर्ची हलवत. "आता कोणाला धरनार? बोल आग्नेस, कोणाला धरनार?"

आई आणि आंटी एकदमच उठल्या आणि गच्चीकडे निघाल्या. मी मागून धावले. वर ऊन डोळे दिपवत होतं. छत्रीच्या राखाडी तबकातून ऊन एकवटून उडत होतं, आणि त्याचा फिकट, गोल कवडसा बरोबर दुसऱ्या डोळ्यावर, अंकलच्या डोळ्यावर, बसला होता. कोणी बोट ठेवून दाखवावं तसा. आंटींनी बाजूला बोंबील पसरून ठेवलेलं वेताचं सूप उचललं आणि सूर्याच्या आड धरलं. बोंबील आमच्या डोक्यावर पडले. उपयोग काही झाला नाही. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, हात वर करून, आणि आईनंही एका बाजूनं सूप धरलं. दोघी घामानं निथळत होत्या आणि हसत होत्या. कवडसा हळूहळू सरकला, डोळ्याच्या कडेला गेला, सुटला. आणि खालून आवाज आला, "आला गो, आला!"

मोबाइलवर शोधलं तेव्हा सगळं कळलं. आमच्या डोळ्यावर सूर्य आधी येतो, त्यांच्या डोळ्यावर थोड्या वेळानं. कोणी काही खेचलं नव्हतं.

मी त्या दिवशी बराच वेळ गच्चीवरच बसले. जगातल्या बहुतेक अंधारामागे कोणीतरी असतं, त्याला नाव असतं, त्याचा फायदा असतो, आणि ते नाव मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे. हे मी बाबांकडून शिकले आणि सोडणार नाही. अंकलचा मिस्सा पॅकेजात कोंडणारे होतेच की. पण दुसरी ओळ भरायची घाई झाली की समोरच्या दारावरचं नाव सगळ्यात आधी हाताला लागतं, कारण तेच जवळ असतं. खऱ्या मालकांची दारं लांब असतात.

संध्याकाळी बैठक बसली, अंकलच्या घरात. बाबांनी दुरुस्ती मांडली: छत्री सामाईक, तारा स्वतंत्र. सगळ्यांनी हात वर केले. शकीलभाईंनी दोन तोंडांचे, म्हणजे दोन तारा जोडता येणारे, डोळे आणि नवी तार बसवून दिली आणि 'मैंने बोला था' असं एकदाही म्हणाले नाहीत, नुसते मिशीत हसले. आंटी बाबांना म्हणाल्या, "मी त्या दिवशी बोलले ते..." बाबा म्हणाले, "मीपण 'सूड' म्हणालो होतो." आंटींना ते माहीतच नव्हतं. "असं म्हटलात?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, आणि मग सुक्या बोंबलाची चटणी वाढताना बाबांना मुद्दाम सगळ्यात शेवटी वाढली.

पुढच्या रविवारीही सूर्य आला. पण अंकल खुर्चीवरून अर्धे उठले तेव्हा पाद्री पडद्यावर होते, आणि सूर्य आला तो शेवटच्या गाण्याला. तेवढ्यावर माझा शब्द निभावला असं मी मानते.

आता दर वर्षी हे दिवस आले की आमच्या इमारतीत कोणाची तक्रार नसते, निदान तिसऱ्या मजल्यावर तरी. काल आमचा पडदा निळा झाल्यावर बाबा शर्ट घालून समोर गेले ते त्यासाठीच. त्यांचा देवावर विश्वास नाही. ते हाताची घडी घालून अंकलच्या शेजारी बसतात. पण सगळे उभे राहिले की तेही उभे राहतात, आणि अंकलच्या काखेत हात घालून त्यांनाही पूर्ण उभं करतात. अंकल आता अर्धे उठत नाहीत.

काल थोड्या वेळानं अंकलचा पडदा गेला. आणि मग तो आवाज आला ज्याची मी आता ऑक्टोबरभर वाट बघते: पॅसेजमध्ये वॉकरचा. ठक, आणि पाय ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा ठक. जिना अंकलना उतरता येत नाही. वर्षभर ते दाराबाहेर फारसे पडत नाहीत. पण सूर्य आला की ते इस्त्रीच्या शर्टात, भांग पाडून, हे चार पावलांचं अंतर ओलांडून आमच्याकडे पाहुणे येतात. मागे आंटी उशी घेऊन, आणि बाबा.

"काय चाललंय?" त्यांनी बसता बसता विचारलं.

आमचं चित्र परत आलं होतं. चर्चेतला एक गृहस्थ मच्छीमारांचं कसं भलं झालंय ते सांगत होता. अंकल ऐकत राहिले. त्यांची जपमाळ हातात थांबली. कपाळावर आठ्या आल्या.

समोरच्या उघड्या दारातून समूहगान सुरू झालं. आंटी पॅसेजमधून म्हणाल्या, "आला हो, आला! चला."

"येतो," अंकल म्हणाले. "तू बस. याला आधी उत्तर दिऊ दे."

आणि बाबांनी, ज्यांनी आयुष्यात कोणाला आपल्या आधी बोलू दिलं नाही, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.